ओसरीपासून तुळशीपर्यंत

आईच्या मामांचा पूर्ण चेहरा मी कधी पाहिलाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी जायचो, तेव्हा ते ओसरीवर बसलेले असायचे आणि डोक्याच्या दुपट्ट्याचं एक टोक डाव्या गालावरून ओढून दातांत धरलेलं असायचं. त्या टोकाखाली डोळा नव्हता, गालाचाही बराचसा भाग नव्हता. एका चैत्रातल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेले असताना अस्वलाने तो नेला होता. मोहाखाली पहाटे माणूसही जातो आणि अस्वलही जातं. दोघांनाही फुलं ऊन चढायच्या आत हवी असतात. आम्ही पोरं धीर करून विचारायचो, "आजोबा, अस्वल किती जवळ होतं?" ते उत्तर कधी हातांत किंवा फुटांत द्यायचे नाहीत. बसल्या जागेवरून अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवायचे. "इथून तिथवर. तेवढ्यावर असताना त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनाही पळायला जागा राहिली नाही."

आम्हा मुलांची समजूत होती की अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारतं. आजोबांपुढे ती बोलून दाखवायची हिंमत कुणाची झाली नाही.

हे सगळं मला इतक्या वर्षांनी पुन्हा आठवलं ते पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेतल्या एका डोंगरावर. नोव्हेंबरची सकाळ होती. अंगात नारिंगी जाकीट, पाठ हेमलॉकच्या बुंध्याला टेकलेली, आणि माझ्या उजव्या हाताला ७४ वर्षांचा एक माणूस मांडीवर रिव्हॉल्व्हर ठेवून काळ्या अस्वलाची वाट पाहत बसला होता.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. माझी मुलगी त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणते. आमचे शेजारी. आयुष्यभर सॉमिलमध्ये काम केलेलं, डाव्या हाताचं एक बोट तिथेच राहिलेलं. शिकारीला त्यांच्यासोबत दर वर्षी त्यांचा धाकटा भाऊ जायचा. भाऊ गेला, त्यानंतरच्या पहिल्याच मोसमाआधी त्यांच्या पत्नी माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "तू नुसती त्याच्याजवळ बस. बंदूक धरायची नाही, काही करायचं नाही. गुडघा धरला, छातीत दुखलं, तर खाली येऊन सांगायला कुणीतरी हवं." त्या दरीत फोनला रेंज नाही. मी दोन दिवस नाही म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. आईला काही कळवलं नाही.

इथे अस्वलाची शिकार म्हणजे बहुतेक वेळा रायफल. नाहीतर हाका. आपल्याकडे जुन्या काळी रान उठवायचे तसाच: वीस-पंचवीस माणसं ओळीने डोंगर चढतात, लॉरेलच्या जाळीतून आरडाओरडा करत जातात, आणि वरच्या अंगाला बंदूकवाले दबा धरून बसतात. एका हाक्यात २५ पेक्षा जास्त माणसं नकोत, असा इथला नियम आहे. काही राज्यांत आमिष ठेवून शिकार करू देतात. मेन राज्यात तर आमिष, कुत्री आणि सापळा असे तिन्ही प्रकार चालतात आणि ते बंद करावेत की नाही यावर २००४ मध्ये आणि २०१४ मध्ये लोकांनी मतदान केलं. दोन्ही वेळा कौल शिकाऱ्यांच्या बाजूने गेला. पेनसिल्व्हेनियात मात्र आमिष नाही, कुत्री नाहीत. आबांना हाकाही नको असतो. ते एका जागी बसतात, आणि त्यांच्याकडे असते ती हातात मावणारी बंदूक.

ती मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पहिल्यांदा हातात घेतली. रुगर कंपनीचं सुपर ब्लॅकहॉक, पॉइंट ४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, वजन सव्वा किलोहून थोडं जास्त. सहा काडतुसं. प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. दुर्बीण नाही, नुसती नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच. माझ्या हातात ते लोखंड अर्ध्या मिनिटात थरथरू लागलं. रायफलला खांदा असतो, गाल असतो, दोन हातांतलं अंतर असतं, सगळं शरीर तिला धरून ठेवतं. इथे लांब केलेल्या हातांच्या टोकाला सगळा भार. माशी केसभर हलली की पन्नास पावलांवर गोळी वीतभर सरकते.

या ४४ मॅग्नमचीही एक गोष्ट आहे. आयडाहोच्या डोंगराळ भागात गुरं राखणारा आणि बंदुकांचं वेड असलेला एल्मर कीथ नावाचा माणूस कित्येक वर्षं घरी काडतुसं भरून रिव्हॉल्व्हरने मोठी जनावरं मारायचा आणि कंपन्यांच्या मागे लागायचा, की असं काडतूस तुम्ही बनवा. १९३५ मध्ये पॉइंट ३५७ मॅग्नम आलं, पण त्याचं समाधान झालं नाही. अखेर १९५५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून ४४ मॅग्नम तयार केलं. रुगरचं सुपर ब्लॅकहॉक १९५९ चं. त्याआधीही रिव्हॉल्व्हरने शिकार करणारे होते, पण थोडे. त्यानंतर तो एक पंथच झाला.

मी आबांना पहिल्याच संध्याकाळी विचारलं, की हे अधिक क्रूर नाही का? रायफलच्या गोळीपेक्षा हिचा जोर कमी. नेम चुकण्याची शक्यता जास्त. अस्वल जखमी होऊन जाळीत शिरलं आणि तीन दिवसांनी मेलं तर? मर्दुमकी दाखवायची म्हणून एका जिवाशी असा खेळ का करायचा? मी हे अगदी याच शब्दांत विचारलं. त्यांना राग आला नाही. ते उठले, कपाटातून जेवणाच्या कागदी ताटल्यांचं पुडकं काढलं आणि मला घराच्या मागे नेलं. ताटली खोडाला खिळ्याने टोचली, पंचवीस यार्ड मोजले, जमिनीवर बसून कोपर गुडघ्यांवर टेकवले आणि सावकाश सहा बार काढले. सहाही भोकं ताटलीत होती. "मोसमाआधीच्या आठवड्यात रोज सहा," ते म्हणाले. "एक जरी बाहेर गेली तर त्या वर्षी मी घरी."

मग म्हणाले, तरुण होतो तेव्हा ताटली पन्नास यार्डांवर असायची. पुढे चाळिसावर आली. डोळे गेले, हात गेला, तशी ती जवळ आणत गेलो. सध्या पंचवीस.

हे ऐकल्यावर मी गप्प झाले. माणसाचं वय झालं की तो अधिक ताकदीचं हत्यार घेतो, दुर्बीण लावतो, लांबून काम भागवतो. या माणसाने उलटं केलं होतं. स्वतःची शक्ती कमी होईल तसतसा तो जनावराच्या जवळ सरकत गेला होता, आणि जवळ जाता आलं नाही तर बार न काढता परत येत होता. सोळा मोसम रिकाम्या हाताने आलो, असं त्यांनी सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

इथे काळ्या अस्वलांची स्थिती काय आहे, हेही सांगायला हवं. ते माहीत नसताना मी आबांना प्रश्न विचारला होता आणि तो अर्धवट होता. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात चार हजारांच्या आसपास अस्वलं उरली होती. १९७०, १९७७ आणि १९७८ या तीन वर्षी राज्याने शिकार पूर्ण बंद ठेवली. आज संख्या त्याच्या चौपटीच्या घरात आहे. २०१९ च्या मोसमांत ४६५३ अस्वलं मारली गेली, हा इथला विक्रम. एरवी आकडा तीन हजारांच्या आगेमागे असतो. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, हँडगनवर १०, आणि १९३७ च्या एका कायद्याखाली तो पैसा वन्यप्राण्यांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. म्हणजे अस्वल वाचवणाऱ्याचा पगार काही अंशी अस्वल मारणाऱ्याच्या खिशातून जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपलं अस्वल मारायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आईच्या मामांसारख्या माणसांनी त्या संरक्षणाची जी किंमत चुकवली ती कुठल्या हिशेबात धरली गेली, तेही मला ठाऊक नाही. दोन्ही देशांत अस्वल जगतं आहे. कोण कशाने मोल देतो, ते वेगळं.

गॅरी ऑल्ट हे या राज्याचे अस्वलांचे अभ्यासक होते. त्यांची एक गोष्ट आबांनी सांगितली आणि ती मला फार आवडली. आई मेलेली पिल्लं दुसऱ्या अस्वलिणीला लावायची तर ती वासाने ओळखते आणि परकं पिल्लू मारून टाकते. ऑल्ट यांनी विक्स वापरलं. तेच, आपल्या घराघरातलं, सर्दीचं. विक्सचा तो उग्र दर्प भरला की तिला आपलं कुठलं, परकं कुठलं, कळेनासं होतं आणि वास उतरेपर्यंत पिल्लू तिचं झालेलं असतं. काळी अस्वलीण जानेवारीत विते, गुहेत, अर्धवट झोपेत. पिल्लू पाव किलोच्या आसपास. समागम उन्हाळ्यात झालेला असतो, पण गर्भ महिनोन्‌महिने रुजतच नाही. शरद ऋतूत तिने पुरेसं खाल्लं, अंगावर चरबी चढली, तरच तो रुजतो. ओकची फळं कमी आली त्या वर्षी पिल्लंही कमी. हिवाळ्यात तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला आठ-दहावर येतात आणि तशा अवस्थेत ती दूध पाजते.

शनिवारी मोसम उघडला. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. आम्ही अंधारात चढलो. आबा दर शंभर पावलांवर थांबायचे, गुडघ्यासाठी, आणि खिशातल्या लहान बाटलीतून चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडायचे. टॉर्चच्या उजेडात ती पावडर खाली, दरीकडे वाहत जायची. ऊन तापलं की हवा उलटी फिरते, वर चढते. तेव्हा आपण अस्वलाच्या वर असलो तर चालतं, खाली असलो तर नाही. अस्वलाची नजर आपल्याइतकी, नाक मात्र आपल्या कल्पनेपलीकडचं. बसल्यावर त्यांनी मला कानावर लावायला एक यंत्र दिलं, हेडफोनसारखं. मोठा आवाज ते अडवतं आणि बारीक आवाज वाढवतं. ते लावलं आणि जंगल एकदम अंगाशी आलं. बीचच्या झाडांवर वाळलेली पानं हिवाळाभर टिकून राहतात, त्यांची सळसळ. खार ओकच्या फळाची टोपी काढते त्याचा आवाज. आबांचा श्वास.

साडेआठच्या सुमाराला समोरच्या ओकांखाली एक अस्वल आलं. मी आयुष्यात इतकं काळं काही पाहिलं नव्हतं. आपल्या अस्वलाचा काळा रंग धुळीचा, विस्कटलेल्या केसांचा असतो. हे तेल लावल्यासारखं. साठ-पासष्ट पावलांवर असेल. ते पंधरा मिनिटं तिथे होतं. पंजाने पानं उलटायचं, फळ शोधायचं, बसून चावायचं. चावल्याचा कडकड आवाज माझ्या कानात येत होता. रायफलवाल्या कुणालाही तो डोळे मिटून बार होता. आबांनी मांडीवरचा हात उचललाच नाही. अस्वल कड्यापलीकडे गेलं तेव्हा त्यांनी थर्मासमधली कॉफी मला दिली आणि म्हणाले, "चांगलं आहे. खातंय." बस्स, एवढंच.

रविवारी ते चर्चला गेले.

सोमवारी पहाटे चढताना आभाळ लख्ख होतं. ईशान्येला सप्तर्षी उंच चढले होते, शेपूट खाली. मी आबांना थांबवून वसिष्ठ दाखवला आणि त्याला चिकटलेली अरुंधती. माझ्या लग्नात भटजींनी भरदुपारी मांडवाबाहेर आणून ती दाखवली होती, म्हणजे बोट दाखवलं होतं आणि मी "दिसली" म्हटलं होतं. आबा म्हणाले, ते तर अस्वल आहे. आणि त्यांनी पूर्वेकडच्या मिकमॅक या मूळनिवासी लोकांची गोष्ट सांगितली, जी त्यांना त्यांच्या भावाने सांगितली होती. चार तारे म्हणजे अस्वल. मागे लागलेले शिकारी म्हणजे पक्षी. मधल्या शिकाऱ्याकडे एक लहान भांडं आहे, मांस शिजवायचं. तो बारका तारा म्हणजे ते भांडं. वसंतात अस्वल गुहेतून निघतं, उन्हाळाभर ते पाठलाग करतात आणि शरदात रॉबिन पक्ष्याचा बाण त्याला लागतो. रॉबिन त्याच्या रक्ताने माखतो, अंग झटकतो आणि ते शिंतोडे खाली मेपलच्या पानांवर पडतात. म्हणून पानं लाल. अस्वल हिवाळाभर आकाशात उताणं पडून असतं, पण त्याचा जीव गुहेत झोपलेल्या दुसऱ्या अस्वलात जातो, आणि वसंतात तेच पुन्हा निघतं.

मला अंधारात काटा आला. कारण आमच्याकडेही हे ऋषी नंतरचे. शतपथ ब्राह्मणात सांगितलंय की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वल. ऋग्वेदातला ऋषी विचारतो, की उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, मग दिवसा जातात कुठे? ज्या ताऱ्याला मी सौभाग्यासाठी नमस्कार केला तो इकडे अस्वल शिजवायचं भांडं होता. आणि गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर जी स्यमंतक मण्याची कथा ऐकायची, तिच्यात तरी काय आहे? कृष्ण मण्याच्या मागावर गुहेत शिरतो आणि जांबवंताशी अठ्ठावीस दिवस लढतो. हाताने. शस्त्राने संपेना तेव्हा हातघाईवर. ओळख पटली ती त्या जवळिकीतच, आणि मग अस्वलाने त्याला मुलगी दिली.

या देशातली अस्वलाची सगळ्यात लाडकी कथा मात्र फार दूरून सांगितली जाते. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला आले होते. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस, अस्वलांचा पट्टीचा शिकारी. कुत्र्यांनी दमवलेल्या एका अस्वलाला त्याने बंदुकीच्या दस्त्याने डोक्यात मारून सुन्न केलं आणि झाडाला बांधून साहेबांना बोलावलं. बांधलेल्यावर मी बार काढणार नाही, असं रूझवेल्ट म्हणाले. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, ब्रुकलिनमधल्या एका दुकानदार जोडप्याने कापडी अस्वल शिवलं आणि टेडी जन्माला आलं. माझ्या मुलीच्या उशाशीही एक आहे. त्या बांधलेल्या अस्वलाचं पुढे काय झालं, हे मुलांना कुणी सांगत नाही. त्याची अवस्था वाईट होती, म्हणून ते सुरीने मारायला सांगितलं गेलं आणि मारलं गेलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी दहा वाजेपर्यंत काही नव्हतं. मग दरीपलीकडच्या डोंगरावर लांब कुणाचा तरी हाका सुरू झाला, माणसांचे आवाज मुंग्यांएवढे. आबांनी मान हलवली. त्यांना हाक्याने उठलेलं जनावर नको होतं. पण हे त्या बाजूने आलं नाही. माझ्या डावीकडून आलं, लॉरेलच्या जाळीतून, चालत, घाईत नव्हतं. यंत्रामुळे त्याचं पाऊल मला आधी ऐकू आलं, मग श्वास. नाकातून सोडलेला, जड, घरातल्या माणसाचा असावा तसा. ते जाळीबाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं.

मी पावलं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती. ते अंतर मला पाठ होतं.

आबांचे कोपर गुडघ्यांवर कधी टेकले, ते मी पाहिलं नाही. घोडा मागे ओढल्याचा खटका झाला, आणि कानावरच्या त्या यंत्रात तो दाराची कडी पडल्यासारखा वाजला. अस्वलानेही ऐकला. त्याने मान वळवली. आबा माझ्या पलीकडे होते, झाडाच्या सावलीत. त्याने पाहिलं ते माझ्याकडे. तोंडाचा भाग पिंगट, डोळे लहान, जवळजवळ. त्यात राग नव्हता, भीतीही नव्हती. कोण आहे, एवढंच होतं.

बार झाला.

ते कोलमडलं नाही. वळलं आणि जाळीत घुसलं. फांद्या मोडल्याचे आवाज, मग काही नाही, आणि मग तो आवाज. शिकारी त्याला मृत्यूचं कण्हणं म्हणतात. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. लांब, खोल, माणसाच्या घशातून यावा असा. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जरा लहान. मी कानावरचं यंत्र काढून टाकलं आणि तरी तो ऐकू येत राहिला.

"अर्धा तास," आबा म्हणाले. जखमी जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. गेलं तर ते उठतं, आणखी लांब जातं, किंवा उलटतं. म्हणून बसायचं. तो अर्धा तास मी विसरू शकत नाही. आबांनी झालेलं काडतूस काढून खिशात टाकलं, दुसरं भरलं, रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, कारण ते थरथरत होते. बाराआधी नव्हते. आम्ही बोललो नाही. मला रडू येत नव्हतं. मला मामाआजोबांच्या दुपट्ट्याचं टोक दिसत होतं, आणि मी मनात हिशेब जुळवायचा प्रयत्न करत होते: त्या अस्वलाने आजोबांचा गाल नेला, या माणसाने या अस्वलाचा जीव घेतला. तो जुळत नव्हता. हे अस्वल ते अस्वल नव्हतं, हा देश तो देश नव्हता. इथल्या काळ्या अस्वलाने माणूस मारल्याच्या घटना फार थोड्या. १९०० ते २००९ या एकशे दहा वर्षांत सगळ्या उत्तर अमेरिकेत मिळून ६३ माणसं गेली, असा अभ्यास आहे. सूड म्हणावं तर कशाचा? सूड नव्हताच. एक म्हातारा होता, ज्याला मांस हवं होतं आणि त्यासाठी जे पाहावं लागतं ते पाहायची त्याची तयारी होती.

आपल्या भाषेत अंतर हा शब्द विचित्र आहे. अंतर म्हणजे दोन गोष्टींमधलं दूरपण, आणि अंतर म्हणजे मनाचा आतला गाभाही. "अंतर देऊ नको," असं आई मी विमानात बसताना म्हणाली होती. मी दिलं. तेरा हजार किलोमीटर दिलं. दर रविवारी पडद्यावर तिचा चेहरा पाहते आणि दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मटण आणते. त्या बोकडाने शेवटी कुणाकडे पाहिलं, ते मला ठाऊक नसतं. तीन दशकं मांस खाल्लं, एका डोळ्यात पाहिलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात मला आबांचा राग आला नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटत राहिलं. राग आला असता तर सोपं झालं असतं. मी बंदूक धरणार नाही, कधीच नाही, तो आवाज पुन्हा ऐकायलाही जाणार नाही. पण त्या माणसाला क्रूर म्हणण्याइतकी मी त्या जनावराच्या जवळ कधी गेलेली नाही. तो गेला.

चाळीस पावलांवर सापडलं. नर होता. आबांनी काठीच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करून पाहिलं, पापणी हलली नाही, तेव्हा बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. मग सुरी काढली. मी खाली जाऊन त्यांच्या मुलाला घेऊन आले आणि तिघांनी मिळून ते प्लास्टिकच्या घसरगाडीवर घालून ओढत आणलं. चार तास लागले. राज्याच्या तपासणी नाक्यावर ते नेऊन दाखवावं लागतं, चोवीस तासांच्या आत. तिथे त्याचं वजन झालं, कानाला बिल्ला लागला आणि एका तरुण मुलीने चिमट्याने सुळ्यामागचा एक लहानसा दात उपटला. दात आडवा कापला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, एक वलय एक हिवाळा. त्यावरून वय कळतं. तिने तो दात पाकिटात घातला आणि वर आकडा लिहिला. मला ते पाहवलं नाही, आणि मी पाहिलं.

मांस आमच्याकडेही आलं, दोनेक किलो. अस्वलाच्या मांसात कृमी असू शकतात, ते कच्चं राहून चालत नाही. मी सावजी मसाला वाटला, जाड बुडाच्या पातेल्यात तीन तास शिजवलं. आबा आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले. मी एक तुकडा खाल्ला. सगळा खाल्ला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वय कळलं. नऊ वर्षं. आबांनी काडतुसांची एक जुनी लाकडी पेटी आणली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळी होत्या: साल, वजन, पावलं, वय. पावलांचे आकडे वरून खाली लहान होत गेले होते. अक्षर त्यांचं नव्हतं, भावाचं होतं. पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. पावलांच्या रकान्याशी मी थांबले, तेव्हा ते म्हणाले, त्या दिवशी परत येताना मोजली होती, बावीस. मी लिहिलं.

त्याच आठवड्यात मी आईला सांगितलं. फोनवर, पडदा न लावता, कारण मला तिचा चेहरा बघत ते सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं, मांसापर्यंत. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. मग तिचा आवाज आला.

"किती जवळ होतं गं?"

"आपल्या ओसरीपासून तुळशीपर्यंत."

तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"पाहिलं का त्याने?"

"पाहिलं."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे, आई."